भोसरीच्या काउंटरवरचा ६३ बोअरचा सिलिंडर आणि आमचा १५ किलोचा फ्लिपर

गेल्या पावसाळ्यात पुतण्याच्या महाविद्यालयीन संघासाठी १५ किलो वजनी गटातला फ्लिपर, म्हणजे रोबोटांच्या लढतीत समोरच्याला फेकून उलटा पाडणारा रोबोट, आमच्या घरच्या पार्किंगमध्ये बांधायला घेतला आणि त्याच्या न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) भागाचे बहुतेक सामान भोसरी एमआयडीसीतल्या एकाच दुकानातून आणले. ६३ मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि १०० मिलिमीटर स्ट्रोकचा (दांडा बाहेर येण्याचे अंतर), दोन्ही दिशांना हवेने ढकलला जाणारा डबल-अ‍ॅक्टिंग सिलिंडर, पाव इंची फाइव्ह-टू सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पाच तोंडांची, दोन स्थितींची, विजेवर चालणारी झडप), दाब उतरवून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर, सेफ्टी व्हॉल्व्ह, दहा मिलिमीटरची पीयू नळी आणि मूठभर पुश फिटिंग, असे मिळून बिल ₹७,४०० झाले. आठ महिने हे सामान वापरून, दोनदा पूर्ण उकलून आणि एकदा स्पर्धेत उतरवून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. सिलिंडर उत्तम आहे. व्हॉल्व्ह चांगला असूनही या कामासाठी चुकीचा होता, आणि ती चूक दुकानदाराची नव्हती, माझी होती.

मी स्वतः पॅकेजिंग यंत्रांच्या देखभालीत वीस वर्षे काढली असल्यामुळे सिलिंडर निवडणे हा आपल्या हातचा मळ आहे, असा माझा समज होता. जोराचा हिशेब सोपा असतो. ६३ बोअरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस सेंटिमीटर भरते, त्यावर स्पर्धेच्या नियमावलीने मान्य केलेला ८ बारचा दाब दिला की जवळपास २५० किलोचा जोर मिळतो, आणि समोरचा रोबोट असतो अवघा १५ किलोचा. दुकानातल्या गृहस्थांनी त्या वेळी विचारले होते, ‘साहेब, तुम्हाला जोर पाहिजे की वेग?’ मी जोर म्हणालो. पेट्या ढकलणाऱ्या यंत्राला ते उत्तर शोभते. फ्लिपरला मात्र दोन्ही एकाच क्षणी लागतात, कारण समोरच्याला नुसते उचलले तर तो घसरून बाजूला होतो आणि पुन्हा अंगावर येतो, आणि फेकले तरच तो उलटा पडतो.

पहिली चाचणी वाळू भरलेल्या १५ किलोच्या लाकडी खोक्यावर घेतली. खोके एका बाजूने वर आले, क्षणभर विचारात पडल्यासारखे थांबले आणि होते तिथेच परत बसले. पुतण्याने फोनवर सेकंदाला २४० चौकटींच्या गतीने चित्रण केले होते; पिस्टन पूर्ण बाहेर यायला ४१ चौकटी, म्हणजे साधारण ०.१७ सेकंद लागले होते. ‘काका, दाब वाढवू या का?’ हा त्याचा पहिला प्रश्न स्वाभाविक होता, कारण ही पोरे इंग्लंडमधल्या ‘रोबोट वॉर्स’ मालिकेतली दृश्ये पाहून तयार झालेली असतात. त्या मालिकेत प्रतिस्पर्ध्याला थेट रिंगणाबाहेर फेकण्याचा पहिला मान केऑस टू या फ्लिपरला मिळाला आणि २०१६ मध्ये अपोलो या फ्लिपरने विजेतेपद पटकावले. तिकडचे अनेक मोठे फ्लिपर कार्बन डायऑक्साइड बाटलीतल्या दाबानेच, मध्ये रेग्युलेटर न घालता, सोडतात, आणि त्या गटातले रोबोट ११० किलोपर्यंतचे असतात. आमच्या नियमावलीत ८ बारच्या वर जाण्याची सोयच नव्हती, आणि खरे सांगायचे तर गरजही नव्हती.

अडथळा कुठे होता, ते हिशेबातच दडलेले होते. १०० मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये सिलिंडरची पोकळी सुमारे ०.३१ लिटर भरते. ती ८ बारला भरायची म्हणजे मोकळ्या हवेचे जवळपास २.८ लिटर आत ढकलावे लागतात. आमच्या पाव इंची व्हॉल्व्हच्या कॅटलॉगमध्ये मिनिटाला साधारण १,००० लिटर प्रवाह लिहिला होता, म्हणजे सेकंदाला सतराच्या आसपास, आणि २.८ ला त्या आकड्याने भागले की मोबाइलवर मोजलेले ०.१७ सेकंदच समोर येतात. इतकी सरळ गोष्ट मला उकलायला पंधरा दिवस गेले, कारण यंत्रावर काम करणारा माणूस दाबाच्या काट्याकडे पाहतो, प्रवाहाच्या आकड्याकडे कोणी पाहत नाही.

दुसऱ्या फेरीत त्याच दुकानातून अर्धा इंची व्हॉल्व्ह ₹२,८०० ला आणला. याचा प्रवाह मिनिटाला सुमारे ३,००० लिटर आहे. सिलिंडरचे पोर्ट (हवेची तोंडे) तीन सुताचे, म्हणजे ३/८ इंची, असल्यामुळे मध्ये माप उतरवणारा रिड्युसर घालावा लागला, तरी वेळ ४१ चौकटींवरून १६ वर उतरला. त्यानंतरची सुधारणा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाची ठरली. डबल-अ‍ॅक्टिंग सिलिंडरमध्ये पिस्टन पुढे धावतो तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूची हवा नळीतून व्हॉल्व्हपर्यंत उलटी जाऊन मग बाहेर पडते, आणि तोवर ती पिस्टनला उशीसारखी अडवत असते. त्या बाजूच्या पोर्टवरच ₹६५० चा क्विक एग्झॉस्ट व्हॉल्व्ह बसवला की ती हवा जागच्या जागी फस्सकन मोकळी होते. चौकटी १२ झाल्या, म्हणजे ०.०५ सेकंद. वाळूचे खोके आता जमिनीपासून दीड फूट वर जाऊन पालथे पडले आणि त्याचा एक कोपरा फुटून वाळू वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्कूटरवर सांडली. तो व्हिडिओ संघाने अजून जपून ठेवला आहे, आणि काकूंनीही.

सोलेनॉइडबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. व्हॉल्व्ह उघडणारी जी कॉइल (विजेचे वेटोळे) दुकानात सहज मिळते ती २४ व्होल्टची असते, आणि बहुतेक मुलांच्या यंत्रात तीन सेलची, म्हणजे ११.१ व्होल्टची लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. त्यावर कॉइल नुसती गुणगुणते, आतला स्पूल, म्हणजे सरकणारा दट्ट्या, हलत नाही, आणि व्हॉल्व्ह खराब निघाल्याचा आळ दुकानदारावर येतो. आमची बॅटरी सहा सेलची, २२.२ व्होल्टची असल्यामुळे हा त्रास झाला नाही. कॉइल खणखणीत ‘कट्’ असा आवाज करून उठते. ज्यांची बॅटरी लहान आहे त्यांनी १२ व्होल्टची कॉइल मागून घ्यावी, ती दोन दिवसांत येते. शिवाय हे व्हॉल्व्ह पायलटवर, म्हणजे लाइनमधल्या दाबाच्याच मदतीने, चालणारे असल्यामुळे लाइनमध्ये दोनेक बार दाब असल्याशिवाय त्यांची चाचणी घेण्यात अर्थ नसतो.

आता सिलिंडरविषयी. आयएसओ मापाचा, अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा, २० मिलिमीटर रॉडचा हा सिलिंडर वजनाला सुमारे दोन किलो आहे आणि १५ किलोच्या यंत्रात दोन किलो म्हणजे काही थोडे नव्हे. पण त्याची घडण नेटकी आहे, आटे स्वच्छ आहेत आणि सुमारे चारशे फेकींनंतरही पिस्टनच्या सीलमधून गळती नाही. रॉडच्या बाजूचा सील मात्र एकदा गेला, आणि त्याचे कारण आमची जोडणी होती. पहिल्या बांधणीत मी सिलिंडर फ्लॅंजवर पक्का बसवला होता. फ्लिपरची पट्टी बिजागरीभोवती कमानीत फिरते, त्यामुळे रॉडवर प्रत्येक वेळी बाजूने ताण येत होता. रॉडच्या एकाच कडेला नखाने जाणवेल अशी लांबट रेघ उमटली होती. मागच्या टोकाला क्लेव्हिस (पिनेभोवती फिरणारा जोड) आणि पुढे रॉड एंड (फिरता सांधा) बसवून सिलिंडर दोन्हीकडे झुलता ठेवल्यावर हा प्रकार थांबला. सील-संच ₹२८० ला त्याच दिवशी मिळाला, आणि काउंटरवरच्या मुलाने रॉडवरची रेघ बारीक एमरीने घासून मग सील घाला, हे न विचारता सांगितले.

सिलिंडरच्या टोकाला असलेल्या कुशनिंगच्या स्क्रूचा प्रश्न निघाला तेव्हा दुकानातल्या तंत्रज्ञाचे आणि माझे मत जुळले नाही. कारखान्यात कुशनिंग शहाणपणाचे असते, कारण त्याने शेवटचा धक्का मवाळ होतो. फ्लिपरमध्ये मात्र तो शेवटचा भागच कामाचा असतो, म्हणून आम्ही स्क्रू पूर्ण उघडला. त्याचा मोबदलाही मोजावा लागला. पिस्टन पुढच्या झाकणावर इतक्या जोराने आदळू लागला की साठेक फेकींत झाकणाचे बोल्ट ढिले होऊ लागले. उपाय जुन्या बाजारात सापडला. भंगारातल्या मोटारीच्या सीटबेल्टचे दोन पट्टे फ्लिपर आणि चौकट यांच्यामध्ये असे बांधले की स्ट्रोक संपण्याच्या पाच मिलिमीटर आधीच ते ताणले जातात आणि धक्का झाकणाऐवजी पट्ट्यांवर येतो. पट्टे दर स्पर्धेनंतर बदलायचे, एवढेच पथ्य.

आमच्या फ्लिपरला दाब कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीतून मिळतो, म्हणून रेग्युलेटरबाबत मात्र इशारा द्यायलाच हवा. काउंटरवर मिळणारा रेग्युलेटर कारखान्यातल्या हवेच्या लाइनसाठी असतो, त्याची मर्यादा १६ बारच्या आसपास असते, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीला थेट लावणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. २० अंश तापमानाला बाटलीतला दाब ५७ बारच्या घरात असतो. ३१ अंशांच्या वर तर आत द्रव राहतच नाही आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बाटलीचा दाब त्याहून कितीतरी वर जातो. म्हणून बाटलीवर मिग वेल्डिंगचा कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटर आणि त्यानंतर हा दुसरा, अशी दोन टप्प्यांची रचना केली. वेल्डिंगवाले त्या रेग्युलेटरला हीटर का लावतात हे आम्हाला स्पर्धेच्या दिवशीच कळले. लागोपाठ सातव्या फेकीनंतर त्याच्यावर पांढरे बर्फ धरले आणि आठवी फेक मरगळलेली निघाली. व्हॉल्व्हच्या तोंडाशी एक लिटरची प्रमाणित बफर टाकी जोडल्यावर हा दोष बराच कमी झाला, कारण फेकीच्या क्षणी लागणारा वायू आता रेग्युलेटरची वाट न पाहता टाकीतूनच येतो आणि दाब ८ बारवरून सहाच्या खाली सहसा जात नाही.

साधी दाबलेली हवा का वापरली नाही, असे विचारणाऱ्यांसाठी हिशेब असा आहे. दोन लिटरची टाकी १० बारला भरली आणि ६ बारपर्यंत वापरली तर मोकळ्या हवेचे ८ लिटर मिळतात, म्हणजे जेमतेम तीन फेकी. अर्धा किलो कार्बन डायऑक्साइडमधून साधारण २७० लिटर वायू निघतो आणि कागदावर नव्वदच्या वर फेकी होतात. प्रत्यक्षात गारव्यामुळे बऱ्याच कमी, तरी सामन्याला पुरून उरतात. बाटली नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता असलेलीच घ्यावी आणि अग्निशामक भरून देणाऱ्यांकडे वजन करून भरून घ्यावी. शीतपेयाच्या बाटल्यांत हवा भरणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याजवळ उभे राहायचे मी टाळतो. घरी वेल्ड केलेली टाकीही नको. टाकीची चाचणी नेहमी पाणी भरून दीडपट दाबाला घ्यावी, कारण टाकी फुटलीच तर पाणी नुसते सांडते, हवा मात्र तुकडे उडवते.

प्रेशर गेज मी या दुकानातून न घेता दुसरीकडून स्वस्तात आणला होता, आणि तो ८ बार दाखवत असताना प्रत्यक्षात दाब ९.५ होता. कामावरच्या कॅलिब्रेट केलेल्या गेजशी ताडून पाहिले म्हणून समजले, अन्यथा स्पर्धेच्या तपासणीत संघ बाद झाला असता. पुश फिटिंग आणि पीयू नळी सर्वसाधारण प्रतीची आहेत, साबणाच्या पाण्याने एकदा तपासून घेतली की पुरे. एल्बो मात्र शक्य तितके टाळावेत, प्रत्येक काटकोन प्रवाह खातो. सेफ्टी व्हॉल्व्ह नीट १० बारला उघडतो.

दुकानाची सेवा हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत सुखद भाग होता. वापरलेला पाव इंची व्हॉल्व्ह परत घेणार नाहीत असे आधीच स्पष्ट सांगितले, तरी त्याची कॉइल मोठ्या व्हॉल्व्हला चालते का हे स्वतः लावून दाखवले. पक्के बिल मिळते, सुटे सामान एक नग असले तरी देतात आणि विद्यार्थ्यांना हुसकावून लावत नाहीत. फोनवर मात्र माप सांगून मागवू नये. आमचा एक रिड्युसर त्या गोंधळात चुकीच्या आट्यांचा आला होता. जुना नमुना खिशात घालून सकाळी अकराच्या आत गेलेले बरे, कारण नंतर कारखान्यांच्या मोठ्या ऑर्डरी सुरू होतात, आणि गुरुवारी तर सगळी भोसरीच बंद असते.