फाशीची वाट बघणारा लेखक : 'कपोटी' बघितला

शनिवारी रात्री पाऊस नुसता धो धो, आमच्या बेळगावचा जुलैचा पाऊस म्हणजे माहीतच आहे तुम्हाला, कुठं जायचं नाही म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडून 'कपोटी' लावला. २००५ चा पिक्चर, बेनेट मिलरचा. लई उशिरा बघितला, आणि दोन दिवस झाले डोक्यातनं जात नाही.

गोष्ट खरी आहे. नोव्हेंबर १९५९ मध्ये अमेरिकेत कॅन्ससमधल्या होलकम गावात क्लटर नावाच्या शेतकऱ्याच्या घरात रात्री दोघं घुसले, आई-बाप, मुलगी, मुलगा चौघांनाही मारलं आणि हाताला काय लागलं तर ४०-५० डॉलर. न्यूयॉर्कचा लेखक ट्रुमन कपोटी ती बातमी पेपरातनं कापून घेतो आणि बालमैत्रीण हार्पर लीला बरोबर घेऊन तिकडं जातो. गेला एका लेखासाठी, त्याचं होत गेलं पुस्तक ('इन कोल्ड ब्लड'), आणि अडकला पाच-सहा वर्षं.

कपोटी झालेल्या फिलिप सेमूर हॉफमनचा तो बारीक लाडिक आवाज ऐकून पहिली दहा मिनिटं वाटलं, दोन तास हे सोसवणार नाही. नंतर आवाज विसरलो आणि त्याचे डोळेच बघत बसलो. ऑस्कर मिळालं ते बरोबरच मिळालं की.

एक सीन सांगतो. मेलेल्या मुलीच्या मैत्रिणीकडं तो जातो, तिला तुझी मैत्रीण कशी होती वगैरे काही विचारत नाही, स्वतःचंच सांगतो, की माझ्या बोलण्यावरनं लहानपणापासून लोक मला ओळखल्यासारखं करतात आणि दरवेळी चुकतात. पोरगी विरघळते आणि त्या मुलीची डायरी आणून हातात देते. इथं मी पॉज केला. खानापूरकडं मी चार वर्षं एका पेपरसाठी बातम्या द्यायचो, मलप्रभेत बुडालेल्या एका पोराच्या घरी गेलो होतो, आई काही बोलेना, तर मी माझ्या गेलेल्या भावाचं सांगितलं. खोटं नव्हतं, पण सांगितलं ते तिनं बोलावं म्हणून. तिनं हॉल तिकिटावरचा फोटो नखानं हळूहळू सोलून दिला, मागं डिंकाला कागद चिकटलेला. बातमी छापून आली, फोटो अजून माझ्याकडंच आहे.

त्या दोन खुन्यांतला एक, पेरी स्मिथ, जेलमध्ये जेवण सोडतो तेव्हा कपोटी त्याला लहान बाळाचं खाणं चमच्यानं भरवतो, माया खरीच वाटते. पण पुस्तकाला शेवट पाहिजे, आणि शेवट म्हणजे फाशी. अपील होतं, तारीख पुढं जाते, आणि हा इकडं दारू पीत वैतागतो. बायको म्हणाली, "अहो, हा त्याला वाचवायला बघतोय की पुस्तक संपवायला?" मला उत्तर देता आलं नाही. १४ एप्रिल १९६५ ला दोघांना फाशी झाली, कपोटी तिथं हजर होता. पुढच्या वर्षी पुस्तक आलं, नाव झालं, आणि त्यानंतर त्यानं एकही पुस्तक पूर्ण केलं नाही अशी पाटी शेवटी येते.

आम्ही वेंगुर्ला रोडवरनं रोज हिंडलगा जेलच्या समोरनं ये-जा करतो. तिथं फाशीची सोय आहे हे शाळेत असल्यापासनं ऐकत आलोय, पण आत तारखेची वाट बघत बसलेला माणूस कधी डोळ्यासमोर आला नव्हता. परवा सकाळी गाडी आपोआप हळू झाली.

पिक्चर संथ आहे, घाई असली तर लावू नका. दुसरा गुन्हेगार हिकॉक अगदी वरवर येतो आणि तपास करणाऱ्या ख्रिस कूपरला अजून जागा पाहिजे होती असं मला वाटतं. कॅथरिन कीनरची हार्पर ली मात्र कमी बोलून सगळं बघत असते. सबटायटल लावाच, आणि पोरांना बसवू नका, फाशी दाखवलीय. शेवटी हार्पर लीबरोबर फोनवर बोलणं आहे, तिचं एकच वाक्य, ते काय ते सांगत नाही. बायको तेवढ्यात पाणी आणायला उठली होती, तिच्यासाठी मी मागं घेऊन परत लावला.