नुसतं फिरणं की तोलाचा व्यायाम?

सत्तरीतल्या बहुतेकांचा व्यायाम म्हणजे सकाळची फेरी. ती चांगलीच. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवायला मदत होते, चार माणसं भेटतात, खर्च काही नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. रोज बावीस मिनिटं जरा झपझप चाललं की ती भरतात.

पण या वयात दवाखान्याची पायरी चढायला लावणारं एक मोठं कारण म्हणजे पडणं. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, फिजिओथेरपी, आणि घरातलं कुणीतरी रजा काढून उशाशी. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, याचा पुरावा तोकडा आहे. तोलाच्या, म्हणजे शरीराचा तोल सांभाळायच्या व्यायामाचा भक्कम आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात १०८ चाचण्या होत्या. त्यात तोलाच्या व्यायामाला ताकदीच्या व्यायामाची जोड दिली, तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी घटलं.

आणि साधन काय लागतं? खुर्ची आणि स्वयंपाकाचा ओटा. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं-बसायचं, ओटा धरून टाचा उचलायच्या, मग एका पायावर उभं राहायचं. सुरुवातीला शेजारी कुणीतरी हवंच. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दोन्ही जमत असेल तर उत्तमच. एकच निवडायचं झालं आणि आई-बाबा वर्षभरात एकदा जरी पडले असतील, तर मी आठवड्यातल्या तीन सकाळी फेरीऐवजी ओट्यापाशी उभं राहायला सांगेन.