'कस्टम थीम' सांगून नल्ड (लायसन्सची तपासणी काढलेली) थीम गळ्यात मारली, पैसे देण्याआधी फाइल्स उघडून बघा

वर्डप्रेसवर ब्लॉग आहे आणि कोणाकडून तरी 'स्क्रॅचपासून' थीम, म्हणजे साइटचं दिसणं ठरवणाऱ्या फाइल्सचा संच, बनवून घ्यायचं चाललंय, तर आधी हे वाचा. ज्याने मला गंडवलं त्याचं नाव देत नाहीये, तो उद्या दुसऱ्या नावाने परत दुकान मांडेल, पद्धत मात्र हीच असणार म्हणून पद्धतच सांगते.

डेमो त्याने एक नंबर दाखवला होता, खोटं कशाला बोलू. वाचायला मोकळं, मोबाईलवर मेनू झटकन उघडतोय, फोटो जागच्या जागी. अर्धे पैसे आधी आणि अर्धे साइट लाइव्ह झाल्यावर असं ठरलं, साइट लाइव्ह झाली, मी पैसे चुकते केले. अपडेटचं काय म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ही खास तुमच्यासाठी बनवलेली थीम आहे, हिला अपडेट लागत नाही. आणि चुकून कधी अपडेट दिसलंच तर करू नका, सगळं डिझाईन उडेल."

कोणी असं म्हणालं की तिथेच सावध व्हा. खरोखर शून्यातून लिहिलेल्या थीमला बाहेरून अपडेट येणारच कुठून? आणि तयार थीम घेऊन बदल करायचे असतील तर त्यासाठी चाइल्ड थीम नावाची सोय वर्डप्रेसमध्येच आहे, मूळ थीमला हात लावायचा नाही, आपले बदल चाइल्डमध्ये ठेवायचे, मग मूळ थीम खुशाल अपडेट करा, आपले बदल जात नाहीत. ज्याला हे काम येतं तो हेच करतो. डिझाईन उडेल अशी भीती घालणाऱ्याने एकतर मूळ फाइल्समध्येच खाडाखोड केलेली असते, नाहीतर अपडेटला लागणारी लायसन्स की, म्हणजे विकत घेतल्यावर मिळणारा कोड, त्याच्याकडे नसतेच. माझ्या बाबतीत दोन्ही होतं!

मग वाचकांचे मेसेज यायला लागले की गूगलवरून तुमच्या लेखावर क्लिक केलं की भलतीच जुगाराची साइट उघडते. मी उघडून बघायचे तर सगळं व्यवस्थित. त्याला विचारलं तर म्हणे त्यांच्या मोबाईलमध्ये व्हायरस असेल. आणि मला दिसत नव्हतं त्याचं कारण साधं आहे, थीममध्ये लपवलेला असला कोड माणूस बघून वागतो, तुम्ही लॉगिन केलेलं असेल किंवा थेट पत्ता टाकून आलात तर गप्प बसतो आणि सर्चमधून कोणी आलं की त्याला पळवून नेतो. म्हणजे ज्याची साइट त्यालाच पत्ता नाही. तेव्हा स्वतःची साइट अधूनमधून लॉगआउट करून, दुसऱ्या फोनवर, गूगलमधून शोधून उघडत जा.

शेवटी ओळखीतल्या एका डेव्हलपरला फाइल्स दाखवल्या. स्टाईल डॉट सीएसएस या फाइलच्या डोक्यावर थीमचं नाव, लेखक, व्हर्जन असं सगळं लिहिलेलं असतं. तिथे थीमचं नाव म्हणून माझ्या ब्लॉगचं नाव आणि लेखक म्हणून या महाशयांचं. पण त्याच्याच खाली टेक्स्ट डोमेन म्हणून एक ओळ असते, थीममधली वाक्यं भाषांतरासाठी ओळखायचं नाव, त्यात वेगळंच नाव, आणि तेच नाव बाकीच्या फाइल्समध्ये जिथे जिथे भाषांतर होण्यासारखं वाक्य आहे तिथे तिथे. लँग्वेजेसच्या फोल्डरमध्ये तर मूळ थीमचं नाव आणि बनवणाऱ्याचा पत्ता जसाच्या तसा! चोरी करायची तीपण आळसाने. ते नाव शोधलं तर बाजारात रीतसर विकत मिळणारी थीम निघाली, आणि मला मिळाली ती तिची नल्ड कॉपी, म्हणजे लायसन्सची तपासणी काढून टाकलेली.

फंक्शन्स डॉट पीएचपी उघडली तर पहिलीच ओळ स्क्रीनच्या बाहेर लांबच लांब गेलेली, नुसती अक्षरं आणि आकडे, काही अर्थ लागत नाही, सुरुवातीला इव्हॅल आणि बेस६४ डीकोड, म्हणजे झाकलेला मजकूर उलगडून कोड म्हणून चालवायच्या आज्ञा. चांगल्या थीममध्ये असा झाकलेला कोड ठेवायचं काही कारणच नसतं, वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीत तर असला कोड चालतच नाही. डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा एक कुप्रसिद्ध मालवेअर (घातक कोड) अशाच नल्ड थीम आणि प्लगइनमधून (साइटला जादा सोयी देणाऱ्या जोडांमधून) पसरला, तो साइटवरच्या बाकीच्या थीममध्येपण शिरतो, एकाच होस्टिंगवर दुसऱ्या साइट असतील तर त्यांच्यातही. माझ्याकडे तसलाच प्रकार होता. थीम डिलीट केली, वर्डप्रेसची डिफॉल्ट थीम लावली, तरी वाचक जुगारावरच! शिवाय युजर्सच्या यादीत एक ॲडमिन, जो मी कधी बनवलाच नव्हता.

जाब विचारला तर उत्तर काय, "मॅडम, वर्डप्रेस जीपीएल आहे, कॉपी करणं कायदेशीर आहे." जीपीएल म्हणजे कोड मोकळेपणाने वापरायची, बदलायची, वाटायची मुभा देणारं लायसन्स. अर्धं खरं आहे हं ते, म्हणूनच माणूस गप्प होतो. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं तेव्हापासून जीपीएलवरच आहे, थीमचा पीएचपी कोडही त्याच लायसन्सखाली येतो असंच वर्डप्रेसवाले मानतात, आणि जीपीएलचा कोड कॉपी करून वाटता येतो, विकतापण येतो. पण दुसऱ्याची कॉपीराइटची नोंद पुसून आपलं नाव टाकायची परवानगी त्यात कुठेय? आणि तयार माल मी स्वतः बनवला सांगून बनवण्याचे पैसे घेणं आणि आत चोरदरवाजा ठेवणं, ही तर सरळ सरळ फसवणूक, तिथे लायसन्सचा संबंधच काय.

साफसफाईत जीव गेला. वर्डप्रेसच्या सगळ्या फाइल्स नव्याने टाकल्या, प्लगइन नव्याने, होस्टिंग, डेटाबेस, ॲडमिन सगळ्यांचे पासवर्ड आणि कॉन्फिग फाइलमधल्या सिक्रेट कीज बदलल्या. वर आणखी एक ताप, त्या थीममध्ये बटणं, चौकटी, गॅलरी असलं सगळं शॉर्टकोडने (लेखात चौकोनी कंसात लिहायच्या छोट्या खुणांनी) केलेलं, थीम गेली तशी जुन्या लेखांत नुसते चौकोनी कंस आणि कोड दिसायला लागले. थीमने फक्त दिसण्याचं बघावं, बाकी कामं प्लगइनकडे असावीत असं का म्हणतात ते तेव्हा कळलं. ते कंस मी अजून हाताने काढतेय.

तुम्ही काम देणार असाल तर शेवटचा हप्ता द्यायच्या आधी थीमची झिप मागा आणि जाणकार माणसाला उघडायला लावा, थीम चेक नावाचं फुकट प्लगइन आहे ते चालवलं तरी बरंच बाहेर पडतं. तयार थीमवर काम असेल तर खरेदी तुमच्या नावावर, लायसन्स की तुमच्याकडे, डोमेन आणि होस्टिंगपण तुमच्याच ईमेलवर. तयार थीम वापरण्यात कमीपणा काही नाही, सांगून वापरा एवढंच.

आणि ज्यांना आत्ता हे वाचताना स्वतःच्या साइटबद्दल शंका येतेय त्यांनी लगेच थीम बनवणाऱ्याला फोन लावून भांडू नका. आधी लेख आणि फोटोंचा बॅकअप घ्या, त्याच्याशी झालेल्या चॅटचे आणि पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, होस्टिंगचा पासवर्ड बदला, त्याचं ॲडमिन लॉगिन बंद करा, मग काय बोलायचं ते बोला. मी आधी बोलले, तर त्याने माझंच लॉगिन उडवलं, होस्टिंग माझ्या नावावर होतं म्हणून साइट परत हातात आली.