भाव ग्रॅमचा होता: पोटाच्या औषधाच्या नावाखाली २३,४०० रुपये

दादर स्टेशनबाहेर एखाद्या अनोळखी माणसाने आपुलकीने तुमच्या पोटाची चौकशी केली, तर तिथून सरळ चालू पडा. माझ्या वडिलांना नेमकं असंच गाठलं. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की ओळखीतल्या आणखी दोघांना ठाण्यात आणि पुण्यात याच पद्धतीने लुटलंय. फक्त दुकानं वेगळी.

बाबा ७१ वर्षांचे. जेवण झालं की पोट फुगायचं, ढेकर यायचे, उजव्या बरगडीखाली दुखायचं. घरचे उपाय चालू होते: ताक, ओवा-सैंधव, पहिल्या घासाला तुपात कालवलेलं हिंग्वाष्टक चूर्ण. त्या दिवशी ते कट्ट्यावर बसून पोट चोळत होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला, चाळिशीचा एक माणूस शेजारी येऊन टेकला. "काका, गॅसेसचा त्रास का? माझ्या आईला अगदी असंच व्हायचं. चार डॉक्टर झाले, शेवटी इथल्या वैद्यांनी बरं केलं. मी तिचंच औषध आणायला निघालोय, चला हवं तर. उद्या दुकान बंद असतं." पिशवीतून त्याने औषधाची पुडीही काढून दाखवली.

दुकानाच्या पाटीवर 'सरकारमान्य' लिहिलेलं. आपल्याकडे आयुर्वेदिक औषध नुसतं विकायला वेगळा परवाना लागतच नाही, परवाना लागतो तो बनवायला. मग मान्यता कसली, हे त्यांनाच ठाऊक. आत बसलेल्या 'वैद्यांनी' नाडी पाहिली, "आतड्यात आम (न पचलेला अन्नरस) साचलाय, आता दुर्लक्ष केलंत तर गाठ होईल" अशी भीती घातली आणि चिठ्ठी लिहिली. तपासायचे पैसे घेतले नाहीत, म्हणे सेवा आहे. बाकावरची एक बाई आपणहून सांगत होती, सासूबाईंना महिन्यात गुण आला.

खरा डाव काउंटरवर. चिठ्ठीत सहा नावं होती. काउंटरवरचा पोरगा एकेक बरणी काढून नुसता आकडा बोलायचा, "हे ३२०, हे ६५०." बाबांना वाटलं, पुडीची किंमत. तोवर त्याने छोट्या काट्यावर तोलून सगळं खलात ओतलं आणि घोटायला सुरुवात केली. घोटून झाल्यावर हिशेब आला. ते ६५० एका ग्रॅमचे होते, घातलं होतं २० ग्रॅम, म्हणजे एकट्या त्याचेच १३,००० रुपये. ३२० वाल्याचे ६,४०० आणि बाकी चार चूर्णांचे मिळून ४,०००. एकूण २३,४००.

बाबा नको म्हणाले. त्यावर मालकाचं उत्तर तयार होतं, "काका, कापड फाडल्यावर परत घेतं का कुणी? तुमच्या नावाने घोटलंय." दोघं जण दाराशी येऊन उभे राहिले. कट्ट्यावर भेटलेला तो माणूस तोवर पसार झाला होता. खिशातले ६,००० रोख गेले आणि उरलेले १७,४०० मोबाईलवरून, तेही दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी खासगी खात्यावर. बिल म्हणून कोऱ्या कागदावर आकडे मिळाले.

आमच्या ओळखीच्या एक बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या, डॉक्टर आहेत. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. "नागभस्म. म्हणजे शिसं." पुडीवर ना घटकांची यादी, ना बॅच नंबर, ना बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक, त्यामुळे आत खरंच काय आहे ते सांगायला त्याही तयार नव्हत्या. औषध तिथल्या तिथे बंद करून त्यांनी बाबांना रक्तातलं शिसं आणि मूत्रपिंडाची तपासणी करायला पाठवलं. पुडी जेमतेम सुरू झाली होती, रिपोर्ट ठीक आले. सोनोग्राफीत मात्र पित्ताशयात खडे दिसले. तेलकट खाल्लं की उजवीकडे दुखायचं ते त्यामुळे. नाडीवाल्या महाशयांना तिथे आम दिसला होता.

कुणी लगेच आयुर्वेदाला नावं ठेवू नयेत. हिंग्वाष्टकात असतं काय, तर सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरं, शहाजिरं आणि हिंग. आठही वस्तू वाण्याकडे मिळतात. ग्रॅमला शेकड्यांत भाव सांगायला पोटाचं साधं चूर्ण म्हणजे केशर नव्हे. औषध घ्यायचंच तर कंपनीचं सीलबंद घ्या. सुटं मिळत असेल तर बरणी उघडायच्या आधी विचारा, "किती ग्रॅम, ग्रॅमचा भाव काय, एकूण किती?" आणि चिठ्ठी देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर नसेल तर ती चिठ्ठी तिथेच ठेवून या.

आम्ही मोबाईलवरच्या व्यवहाराची पावती आणि उरलेली पुडी घेऊन पोलीस चौकीत लेखी अर्ज दिला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुडी तशीच जपून ठेवा, रागाने फेकून देऊ नका, पुरावा तोच असतो. हवालदार दुकानात येऊन उभे राहिल्यावर मालक एकदम गोड बोलू लागला आणि १७,४०० त्याच खात्यातून परत आले. रोखीचे ६,००० मिळाल्याचं त्याने साफ नाकारलं. त्याची पावती आमच्याकडे नाही, त्यामुळे ते गेले. ग्राहक हेल्पलाइनची तक्रार अजून चालू आहे आणि बाबांचं खड्यांचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय.