सिम्प्लेक्स-आर्नू की न्यूपोर-दलाज २९ व्ही: मॉडेल कुठलं करायचं?

१९२२ च्या डॉइच कप या विमान-शर्यतीसाठीच्या या दोन फ्रेंच रेसर विमानांपैकी उडणारं मॉडेल कुठलं करू असं विचारलंयस ना, तर इंजिन दोन्हींत ३२० हॉर्सपॉवरचं हिस्पानो-सुइझा, म्हणजे फरक सगळा आकाराचा. आर्नूला मागची आडवी शेपटी नाहीच, वर-खाली करायचं कामसुद्धा पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या करतात, त्यामुळे लाकूड आणि वजन वाचतं पण बॅलन्स फार नाजूक, सीजी (वजनाचा मध्यबिंदू) जरा मागे सरकला की गेलंच. मादोंसारखा कसलेला वैमानिक होता तरी ते शर्यतीआधीच कोसळलं. न्यूपोरला एकावर एक असे डबल पंख, तारा-खांब बसवताना जीव जातो, पण उडतं शांत, आणि ३०० किमीची डॉइच कप वैमानिक लासनं त्याच्यावरच जिंकली, ताशी जवळपास २९० किमीनं. पहिलंच मॉडेल असेल तर न्यूपोर. हात बसलेला असेल आणि बॅलन्सिंगला वेळ द्यायची तयारी असेल तर आर्नूच कर, मला मनापासून तेच आवडतं.