अडीच वर्षांच्या लेकीसोबत क्रूझच्या सूटमध्ये: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

बोटीवरून उतरल्या उतरल्या लिहिलं असतं तर सगळंच गोडगोड झालं असतं. आता सहा महिने उलटलेत, क्रेडिट कार्डाचे हप्तेही फिटलेत. त्यामुळे खरंच कामाला काय आलं ते सांगते.

नोव्हेंबरात बॅलार्ड पिअरहून आम्ही तिघं मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री गेलो. सूट, म्हणजे सोफा आणि बाल्कनी असलेली मोठी केबिन, घेतला तो नवऱ्याच्या हट्टामुळे. मला तो उधळेपणा वाटत होता. पहिल्याच रात्री मत बदललं.

कारण एकच, पडदा. आमची लेक आठला झोपते. बहीण तिच्या मुलाला घेऊन साध्या केबिनमध्ये गेली होती, तेव्हा मूल झोपलं की दिवे मालवून तीही नवऱ्यासोबत अंधारात गप्प बसायची. आमच्याकडे पलंग आणि सोफा यांच्यामध्ये जाड पडदा होता. तो ओढून आम्ही बाल्कनीत दोन-दोन तास बसलो. लेक झाल्यापासून इतक्या निवांत गप्पा झाल्याच नव्हत्या. दुपारची झोपही तिची मोडली नाही. दुसरी गोष्ट बाथटब. डायपरमधल्या मुलांना तिथल्या पूलमध्ये सोडत नव्हते, आणि लेक शॉवरला घाबरते. तीन दिवस टब हाच तिचा समुद्र.

बाल्कनीची कडी मात्र चढल्या चढल्या तपासा. आमची वर होती, तरी बाल्कनीतल्या खुर्च्या आम्ही रात्री आत घ्यायचो. मुलं खुर्ची ओढून कठड्यावर चढायला बघतात.

आता चुकलं ते. सूट वरच्या मजल्यावर आणि अगदी पुढच्या टोकाला होता. जहाज सी-सॉसारखं हलतं: टोकं वरखाली होतात, मधला भाग सगळ्यात स्थिर. जितकं वर जाल तितकं डोलणंही जास्त. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही. त्यानंतर बारा वर्षांपर्यंत जास्त लागते. प्राँग्ज दीपगृह मागे पडलं आणि तासाभरात लेकीला दोनदा उलटी झाली. खालच्या मजल्यावर मधोमध नेऊन बसवलं तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. एवढे पैसे मोजून तिला कुशीत धरून जिन्याजवळ बसले होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. बुकिंग करणाऱ्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. वर पोर्टचे पैसे, जीएसटी आणि टिपा वेगळ्या, त्याही लेकीच्या नावानेसुद्धा. म्हणून आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागा, मधला सूट असेल तरच घ्या आणि एकूण रक्कम लेखी घ्या. उलटीचं औषध निघण्याआधीच मुलाच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

बॅगा टर्मिनलवरच घेतात, केबिनमध्ये काही तासांनी येतात. डायपर, औषध आणि कपड्यांचे दोन जोड हातातल्या पिशवीत हवेतच. जेवणाची चिंता नको. मऊ वरण-भात मागितला की मिळायचा, आणि जेवण वाढणारी मुलं लेकीशी फार प्रेमाने वागली.

पुढच्या हिवाळ्यात लक्षद्वीपचं मनात आहे. अगत्तीला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरावं लागतं. तोवर लेक साडेतीनची होईल. सूटच घेणार, पण मधला.