मारुती ८०० च्या पंख्याला डॅशबोर्डवर स्विच : नऊ महिन्यांनंतर

गाडी १९९७ ची, कार्बोरेटरवाली, वडिलांनी घेतलेली. गेल्या एप्रिलमध्ये सोलापूरच्या आसरा चौकात अडकलो होतो. बाहेर बेचाळीस डिग्री, पुढे ऊस भरलेली ट्रॉली, आणि टेंपरेचरचा काटा चढतोय. रेडिएटरचा पंखा लागायचा, पण काटा पाऊण ओलांडल्यावर. रेडिएटर साफ करून झाला होता, कूलंट नवं होतं. मग ठरवलं, पंखा आपल्या हाताने लावता आला पाहिजे.

पहिला डाव फसला. ज्यांच्याकडे काम दिलं ते म्हणाले, "रिले कशाला ओ, डायरेक्ट देतो की. उगं खर्च." (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच.) आणि बॅटरीवरून बारीक वायर आत आणून, स्विचमधून परत पंख्याला जोडून दिली. फ्यूजसुद्धा नाही. दोन आठवडे मजेत गेले. एके दुपारी सात रस्त्याला सिग्नलवर उभा असताना जळका वास आला. स्विचला हात लावला तर चटका बसला, मागचं प्लास्टिक खव्यासारखं मऊ झालेलं. स्विचवर बारीक अक्षरात ६ अँपिअर लिहिलं होतं. एवढा पंखा सहज आठ-दहा अँपिअर खातो, सुरू होताना त्याहून जास्त. गाडी पेटली नाही हे नशीब.

दुसऱ्यांदा मी स्वतः बसलो, रविवारी, शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन. साधा चार पिनचा रिले आणला. बॅटरीच्या प्लसवरून २० अँपिअरच्या फ्यूजमधून २.५ स्क्वेअर मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून पंख्याला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवला, कारण त्याच्या अलीकडची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं कुणी नसतं. रिले ओढणाऱ्या आतल्या कॉइलच्या ८६ ला चावी ऑन केल्यावर येणारा करंट, छोट्या फ्यूजमधून. आणि ८५ ला दोन वाटा : एक थर्मो स्विचमधून (कूलंट तापलं की आपोआप जोडणारा गाडीचा मूळ स्विच) अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, दुसरी डॅशबोर्डच्या स्विचमधून अर्थला. दोघांपैकी कुणीही अर्थ दिला की पंखा लागतो. डॅशबोर्डच्या स्विचमधून आता फक्त कॉइलचा करंट जातो, पाव अँपिअरही नाही. तो कितीही वेळ चालू ठेवा, गार असतो.

थर्मो स्विचची जुनी ऑटो लाइन तोडून नुसत्या स्विचवर पंखा चालवणारे मी पाहिलेत. तसं करू नका. एक दिवस स्विच दाबायचं विसरलात की इंजिन तापून हेड गॅस्केटचं (इंजिनच्या डोक्याखालच्या सीलचं) बिल येतं.

आणखी एक गोष्ट केली, ती आधी केवळ हौस म्हणून. ८७ च्या वायरवरून १२ व्होल्टचा छोटा हिरवा एलईडी काढून डॅशबोर्डवर बसवला. पंखा ऑटोने लागो की माझ्या हाताने, दिवा पेटतो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर आत घेताना भोकात रबराचा ग्रोमेट, म्हणजे कडी, घाला एवढंच सांगतो. पत्र्याची कड वायर सोलते.

उन्हाळाभर सुख. चौकात शिरायच्या आधी टक, काटा अर्ध्यावर थांबलेला. तुळजापूरच्या घाटात एसी नसलेली गाडी, मागे तिघं, तरी काटा हलला नाही. मोकळ्या हायवेवर मात्र पंख्याचा काही उपयोग नाही. साठच्या वेगाला समोरची हवाच पुरते, तिथे तो बंद ठेवतो.

सप्टेंबरात घोळ लक्षात आला. पाऊस पडून गेलेला, हवा गार, म्हणून स्विच दाबला नव्हता. नवी पेठेत गाडी चालू ठेवून बायकोची वाट बघत बसलो होतो. काटा पाऊणवर गेला, पुढे सरकला, हिरवा दिवा काही लागेना. स्विच दाबला, दिवा लागला, पंखा घुमला. घरी येऊन थर्मो स्विचच्या कनेक्टरमधल्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडल्या, तर पंखा लगेच फिरला. म्हणजे वायरिंग ठीक, थर्मो स्विच मेलेला. कधी मेला कुणास ठाऊक. मी एप्रिलपासून बोटानेच पंखा लावत होतो, त्याच्यावर कधी वेळच आली नाही. एप्रिलमध्ये पंखा उशिरा लागत होता तेव्हाच तो आजारी होता. मी रोग सोडून बटण बसवत बसलो.

थर्मो स्विच नवीन टाकला. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढा, पाणी बाहेर येतंच. आता महिन्यातून एकदा अंगणात गाडी चालू ठेवून स्विचला हात लावत नाही, हिरवा दिवा आपोआप पेटेपर्यंत बसून राहतो. पंधरा-वीस मिनिटं जातात, पेपर वाचून होतो.

तोटा म्हणाल तर एकदा चावी ऑनवर ठेवून गाणी ऐकत बसलो, पंख्याचा स्विच तसाच चालू, आणि बॅटरी बसली. तो दोष माझा. पण दिव्यावर नजर जाईल अशी जागा निवडा. माझा स्टिअरिंगआड बसलाय.

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत होम मैदानापाशी अर्धा तास रांगेत होतो, तेव्हा पंखा दोनदा आपला आपण लागला आणि बंद झाला. मी स्विचला बोटही लावलं नाही. सगळा खर्च, वाया गेलेला पहिला डाव धरून, हजाराच्या आसपास. बायको अजून त्या बटणाला फॉग लॅम्प समजते. स्टिकर लावायचा राहिलाय.